हीरोज ३ : चौथ्या पातळीवर क्रुसेडर बलवान की व्हॅम्पायर लॉर्ड?

किल्लेदार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा सैन्य उभारून चालीचालीने लढायचा खेळ न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगने १९९९ साली आणला, तरी आमच्या मित्रमंडळात तो अजूनही एकाच संगणकावर आळीपाळीने बसून खेळला जातो. प्रत्येक शहराच्या सैन्यात सात पातळ्यांचे प्राणी असतात. त्यांतल्या सर्वांत वरच्या, सातव्या पातळीच्या प्राण्यांबद्दल, म्हणजे आर्चएंजल, काळा ड्रॅगन किंवा टायटन यांच्याबद्दल, आमच्यात फारसा वाद होत नाही. वाद होतो तो चौथ्या पातळीवरून, कारण बहुतेक मध्यम आकाराच्या नकाशांवर पहिली खरी लढाई याच पातळीच्या जोरावर जिंकली किंवा हरली जाते.

मी कॅसल हे शहर घेऊन खेळतो आणि माझ्या मते अपग्रेड केलेला क्रुसेडर हा या पातळीवरचा सर्वांत भरवशाचा सैनिक आहे. अटॅक १२, डिफेन्स १२, नुकसान ७ ते १०, आयुष्य ३५, वेग ६, किंमत ४०० सोने, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो एका चालीत दोन वार करतो. नेक्रोपोलिस हे मृतात्म्यांचे शहर घेणारा माझा मित्र मात्र व्हॅम्पायर लॉर्डपुढे कोणीच टिकत नाही असे ठामपणे सांगतो. कागदावर पाहिले तर त्याचा अटॅक १०, डिफेन्स १०, नुकसान ५ ते ८, आयुष्य ४०, वेग ९ आणि किंमत ५०० सोने आहे. म्हणजे वाराची ताकद कमी आणि किंमत शंभराने जास्त. तो उडतो, त्याच्यावर प्रतिहल्ला होत नाही आणि तो रक्त पिऊन आपले मेलेले सोबती उठवतो, हे मला ठाऊक आहे. पण एवढ्याने क्रुसेडरचे दोन वार खरोखरच फिके पडतात का? ज्यांनी हे गणित मांडून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आकडे ‘शॅडो ऑफ डेथ’ या २००० सालच्या आवृत्तीचे धरावेत आणि सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या नायकांचे गुण तूर्त बाजूला ठेवावेत.

बेरीजवजाबाकी (प्रतिसाद)

प्रश्न चांगला मांडला आहे, कारण तुलना कोणत्या मापाने करायची हे ठरवल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही, आणि माप बदलले की उत्तरही बदलते. आधी नियम पाहू. हल्ला करणाऱ्याचा अटॅक समोरच्याच्या डिफेन्सपेक्षा जितक्या अंकांनी जास्त, तितक्या अंकांमागे ५ टक्के नुकसान वाढते. कमी असेल तर दर अंकामागे अडीच टक्के घटते. त्यामुळे क्रुसेडरचा सरासरी ८.५ चा वार व्हॅम्पायर लॉर्डवर १० टक्क्यांनी वाढून ९.३५ होतो, तर व्हॅम्पायर लॉर्डचा सरासरी ६.५ चा वार क्रुसेडरवर ५ टक्क्यांनी घटून साधारण ६.१८ भरतो. दोन वार धरले तर एका चालीत क्रुसेडर १८.७ देतो आणि व्हॅम्पायर लॉर्ड ६.१८. इथवर पाहिले तर किल्लेदारांचे म्हणणे अगदी बरोबर वाटते.

आता दहा विरुद्ध दहा अशी लढत चालीचालीने पाहू. वेग जास्त असल्याने पहिला वार व्हॅम्पायर लॉर्डचा. त्यात सुमारे ६२ नुकसान होते, एक क्रुसेडर पडतो, दुसरा जबर जखमी होतो, नऊ उरतात, आणि प्रतिहल्ल्याचा हक्क त्यांना नसतो. त्यांची चाल आली की नऊ जणांचा पहिला वार ८४ चा होतो आणि दोन व्हॅम्पायर लॉर्ड पडतात. इथेच सगळी मेख आहे. क्रुसेडरचे दोन वार सलग होत नाहीत; पहिल्या वारानंतर समोरच्याचा प्रतिहल्ला येतो आणि त्यानंतरच दुसरा वार होतो. उरलेल्या आठ व्हॅम्पायर लॉर्डचा प्रतिहल्ला ४९ चा असतो. त्यात आणखी दोन क्रुसेडर पडतात, आणि तेच ४९ रक्त पिऊन मेलेले दोघेही व्हॅम्पायर लॉर्ड पुन्हा उभे राहतात. दुसरा वार होतो तोवर मारणारे सातच उरलेले असतात. म्हणजे व्हॅम्पायर लॉर्ड एका फेरीत दोनदा मारतो, दोनदा पितो, आणि क्रुसेडरचा दुसरा वार होण्याआधीच त्याची धार बोथट करून ठेवतो.

सरासरी आकड्यांनी हे पुढे चालवले तर चौथ्या फेरीच्या सुरुवातीला क्रुसेडर संपतात आणि व्हॅम्पायर लॉर्ड जवळजवळ सगळेच्या सगळे उभे असतात. क्रुसेडरना पहिला वार मिळाला असे धरले तरी ते हरतातच, फक्त त्या वेळी समोरचे सहाच्या आसपास उरतात. क्रुसेडरवर ब्लेसचा मंत्र टाकून प्रत्येक वार कमाल नुकसानाचा केला तरीही मला निकाल फिरताना दिसला नाही. संख्या सारखी असेल तर व्हॅम्पायर लॉर्ड सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण सारख्या सोन्यात पाहा. ४,००० सोन्यात दहा क्रुसेडर येतात आणि व्हॅम्पायर लॉर्ड आठच. दहा विरुद्ध आठ ही लढत, पहिला वार व्हॅम्पायर लॉर्डला देऊनही, क्रुसेडर पाचव्या फेरीत जिंकतात आणि चार जण जिवंत राहतात. केवळ दोन डोक्यांच्या फरकाने निकाल पूर्ण उलटतो, याचे कारण रक्त पिण्याच्या गुणाचा स्वभावच तसा आहे. जितके उभे आहेत तितकेच पितात, त्यामुळे एकदा घसरण सुरू झाली की परत भरून येणारे आयुष्य दर फेरीला आणखी कमी होत जाते. वरचढ असताना हा गुण अजिंक्य वाटतो आणि मागे पडल्यावर तो सावरू शकत नाही.

खेळाच्या आत संगणक प्रत्येक प्राण्याला एक बळाचा आकडा देतो. त्यात व्हॅम्पायर लॉर्डला ७८३ आणि क्रुसेडरला ५८८ आहेत. म्हणजे संगणकाच्या हिशेबात व्हॅम्पायर लॉर्ड सुमारे ३३ टक्क्यांनी जड आहे, आणि किंमत मात्र २५ टक्क्यांनीच जास्त आहे. हा आकडा स्थूल आहे. समोर कोण उभे आहे हे त्यात धरलेले नसते, म्हणून मी त्यावर फार विसंबत नाही.

निशाचर (प्रतिसाद)

बेरीजवजाबाकी यांनी मांडलेले आकडे मला मान्य आहेत, परंतु सारख्या सोन्याचे माप या खेळात फार काळ लागू पडत नाही, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. या दोन्ही प्राण्यांची पैदास आठवड्याला चारच आहे, किल्ला पूर्ण बांधल्यावर आठ. तुमच्याकडे सोने कितीही असले तरी नवव्या क्रुसेडरची भरती त्या आठवड्यात त्या शहरातून होत नाही. आठ व्हॅम्पायर लॉर्ड आणि आठ क्रुसेडर यांच्या किमतीतला फरक आठवड्याला ८०० सोने आहे. कॅपिटॉल बांधल्यावर एका दिवसाचेच उत्पन्न ४,००० असते. म्हणजे पहिल्या एक-दोन आठवड्यांची ओढाताण संपली की सोन्याची अडचण उरत नाही, अडचण उरते ती संख्येची, आणि सारख्या संख्येत काय होते हे वर आलेच आहे.

याहूनही मोठा मुद्दा असा की चौथ्या पातळीच्या सैनिकाचे खरे काम समोरच्या खेळाडूच्या चौथ्या पातळीशी कुस्ती खेळणे हे नव्हे. त्याचे काम नकाशा मोकळा करणे हे आहे. खाणीवर, वाटेवर आणि खजिन्यावर उभे असलेले पहारेकरी मारत मारत महिनाअखेरपर्यंत कोण किती सैन्य शाबूत ठेवतो, यावर शेवटची लढाई ठरते. क्रुसेडर अशा दहा लढाया जिंकेल, पण प्रत्येक लढाईत एक-दोन गमावेल. व्हॅम्पायर लॉर्डचा गट पायी चालणाऱ्या जिवंत शत्रूंविरुद्ध लढाई संपताना पुन्हा पूर्ण संख्येला येतो, फक्त शेवटच्या शत्रूला मारण्याआधी मेलेले सगळे उठले आहेत की नाही एवढे पाहावे लागते. मी स्वतः शत्रूचा एक लहानसा गट मुद्दाम शेवटपर्यंत जिवंत ठेवतो आणि भरपाई पूर्ण झाल्यावरच त्याला मारतो.

याचे एक चांगले उदाहरण ग्रिफिन कन्झर्व्हेटरी, म्हणजे नकाशावरची ग्रिफिनांच्या पहाऱ्यातली जागा, हे आहे. तिथले ग्रिफिन एका फेरीत दोनदा प्रतिहल्ला करतात, म्हणून पायदळ घेऊन गेलेल्या खेळाडूच्या नाकी नऊ येतात. व्हॅम्पायर लॉर्डवर प्रतिहल्लाच होत नसल्याने ग्रिफिनचा तो गुण पूर्ण वाया जातो, आणि बक्षीस म्हणून एंजल मिळतात. शहराच्या वेढ्यातही तोच फरक दिसतो. क्रुसेडर तटबंदी फुटण्याची वाट पाहत खंदकाबाहेर उभे राहतात, आणि व्हॅम्पायर लॉर्ड तट ओलांडून तिरंदाजांच्या अंगावर जाऊन बसतात.

गारगोटी (प्रतिसाद)

चर्चा दोघांभोवतीच फिरते आहे, म्हणून मी टॉवर या शहराच्या बाजूने लिहितो. निशाचर यांनी ‘जिवंत शत्रू’ असे म्हटले आहे, त्यातला ‘जिवंत’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गार्गॉयल, गोलेम, एलिमेंटल आणि इतर मृतात्मे यांचे रक्त पिता येत नाही. माझ्याकडे तिसऱ्या पातळीवर आयर्न गोलेम असतो, आयुष्य ३५, किंमत २०० सोने, आणि त्याच्या मागे चौथ्या पातळीवर आर्च मेज उभा असतो. आर्च मेजचा अटॅक १२, नुकसान ७ ते ९, त्यामुळे व्हॅम्पायर लॉर्डवर त्याचा एक बाण सरासरी ८.८ चा होतो. दहा आर्च मेज जवळच्या अंतरावरून एका चालीत ८८ देतात, म्हणजे दोन व्हॅम्पायर लॉर्ड जातात, आणि दुरून मारल्यामुळे समोरच्याला प्रतिहल्ल्यात पिण्याची संधीच मिळत नाही. ते उडून आर्च मेजच्या अंगावर आले तरी हातघाईत त्याचे नुकसान निम्मे होत नाही, हे पुष्कळ जण विसरतात. अर्थात त्याचे आयुष्य ३० च आहे, त्यामुळे त्याला झाकून ठेवणारे गोलेम नसतील तर तो फार टिकत नाही. शिवाय तो सैन्यात असताना नायकाचा प्रत्येक मंत्र दोन अंकांनी स्वस्त होतो, आणि हा फायदा कोणत्याही आमनेसामने लढतीच्या हिशेबात दिसत नाही.

रॅम्पार्टच्या सिल्व्हर पेगाससचेही तसेच आहे. अंगाने तो या पातळीवरच्या दुबळ्यांपैकी एक आहे, आयुष्य ३०, नुकसान ५ ते ९. परंतु वेग १२ असल्याने बहुतेक लढायांत पहिली चाल त्याच्या मालकाला मिळते, आणि पहिल्या चालीत सर्वांवर पडणारा स्लो (शत्रूला मंद करणारा) किंवा हेस्ट (आपल्यांना वेगवान करणारा) हा मंत्र या खेळात कोणत्याही चौथ्या पातळीच्या गटापेक्षा मोलाचा आहे. शत्रूचे मंत्र तो दोन अंकांनी महाग करतो. पैदास आठवड्याला पाच आहे आणि किंमत अवघी २७५.

इन्फर्नोच्या हॉर्न्ड डीमनबद्दल थोडक्यात लिहितो. त्याच्याकडे कोणताही खास गुण नाही, पण ४० आयुष्याचा सैनिक २७० सोन्यात इतरत्र मिळत नाही. फोर्ट्रेसचा ग्रेटर बॅसिलिस्क मला अंगाने या सर्वांत संतुलित वाटतो, १२ अटॅक, १२ डिफेन्स, ४० आयुष्य, वेग ७, आणि नशिबाने साथ दिली तर त्याच्या वाराने समोरचा गट दगड होऊन पडतो. त्या नशिबावर मात्र बेत आखता येत नाही.

किल्लेदार (प्रतिसाद)

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिहल्ला दोन वारांच्या मधोमध येतो, ही गोष्ट मी इतके दिवस पडद्यावर पाहत होतो, पण तिचा परिणाम एवढा खोल आहे हे आकडे मांडल्यावरच स्पष्ट झाले. आता एक नेमका प्रश्न विचारतो. माझ्यासमोर सारख्याच संख्येचे व्हॅम्पायर लॉर्ड आहेत, आर्चएंजल अजून नाहीत, मंत्रांची वहीही साधीच आहे. अशा वेळी कॅसलच्या खेळाडूने हार मानून मागे फिरावे, की क्रुसेडरनाच वापरून काही करता येते?

बेरीजवजाबाकी (प्रतिसाद)

करता येते, आणि त्यासाठी महागडे काहीही लागत नाही. कोणताही सामान्य गट एका फेरीत एकदाच प्रतिहल्ला करतो. तो प्रतिहल्ला क्रुसेडरवर येऊ द्यायचाच नाही. एकेक पाइकमन, म्हणजे कॅसलचा पहिल्या पातळीचा भालाईत, वेगळ्या जागेत ठेवा. व्हॅम्पायर लॉर्ड येऊन मारून बसले की क्रुसेडरची चाल आल्यावर ‘वेट’ दाबून त्यांना थांबवा, पाइकमनला आधी वार करू द्या, त्याला प्रतिहल्ल्यात मरू द्या, आणि मग क्रुसेडरचे दोन्ही वार अडथळ्याविना होऊ द्या. बुद्धिबळात प्यादे देऊन मोहरा मारतात त्यातलाच हा प्रकार आहे.

दहा विरुद्ध दहाचेच गणित पुन्हा करतो. पहिल्या वारानंतर नऊ क्रुसेडर उरतात. पाइकमन प्रतिहल्ला घेऊन जातो. नऊ जणांचे दोन वार मिळून १६८ होतात, आणि दहा व्हॅम्पायर लॉर्डचे एकदम सहा होतात. पुढच्या फेरीत ते सहाच पितात, म्हणून त्यांना जेमतेम एक सोबती उठवता येतो. दुसरा पाइकमन, पुन्हा दोन वार. तिसऱ्या फेरीअखेर त्यांच्याकडे एखाद-दुसराच उरतो आणि तुमचे सहा-सात क्रुसेडर शाबूत असतात. एका पाइकमनची किंमत ६० सोने आहे, म्हणजे तीन फेऱ्यांचा खर्च १८० सोने. ज्या लढतीत तुमचा एकही माणूस वाचत नव्हता, तिचा निकाल एवढ्यावर फिरतो. माझ्या मते क्रुसेडरचे बळ कागदावरच्या १२ आणि १२ मध्ये नाही, त्याच्यावरचा प्रतिहल्ला दुसऱ्याच्या अंगावर घालणाऱ्या खेळाडूच्या हातात ते आहे.

अडचण जागेची आहे. सैन्यात सातच जागा असतात आणि कॅसलच्या सात पातळ्यांनी त्या भरून जातात. तीन पाइकमन वेगवेगळ्या जागांत ठेवायचे तर दोन-तीन गट शहरात सोडावे लागतात. खेळाच्या त्या टप्प्यावर वरच्या पातळ्या बहुधा अजून भरलेल्या नसतात, म्हणून हा उपाय जमतो. पुढे जागा नसेल तर हाच प्रतिहल्ला वेगवान रॉयल ग्रिफिनच्या गटावर घ्यावा. त्यात नुकसान जास्त होते, पण क्रुसेडर वाचतात. नायक निवडायची मुभा असेल तर सोर्शा घ्या. तिचे स्वॉर्ड्समन (अपग्रेड होण्याआधीचे क्रुसेडर) आणि क्रुसेडर एक पाऊल जास्त चालतात आणि तिची पातळी वाढेल तसे त्यांचे अटॅक व डिफेन्स वाढत जातात.

निशाचर (प्रतिसाद)

उपाय अचूक आहे आणि मी स्वतः याचा फटका खाल्ला आहे, म्हणून त्यावर नेक्रोपोलिसचा खेळाडू काय करतो तेही लिहून ठेवतो. पहिली गोष्ट, नेक्रोपोलिसकडे व्होकियल हा नायक आहे आणि त्याच्या हाताखाली व्हॅम्पायर लॉर्डचा वेगही एकाने वाढून १० होतो, त्यामुळे सोर्शामुळे वेगातले अंतर कमी होत नाही. दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘वेट’ दोन्ही बाजूंना आहे. थांबलेले गट फेरीच्या शेवटी उलट्या क्रमाने, म्हणजे आधी हळू आणि मग वेगवान, अशी चाल करतात. मी पहिल्या फेरीत व्हॅम्पायर लॉर्डना थांबवून ठेवतो. क्रुसेडर सहा घरे पुढे सरकले की ते माझ्या टप्प्यात येतात, पण मी त्यांच्या टप्प्यात नसतो. फेरीच्या अगदी शेवटी मी वार करतो आणि पुढच्या फेरीची पहिली चालही माझीच असते. दोन सलग वार, दोन्ही प्रतिहल्ल्याविना. दहाचे सात क्रुसेडर त्यांचा पहिला वार होण्याआधीच झालेले असतात. त्यानंतर पाइकमनची युक्ती पूर्ण जमली तरी लढत फार तर अटीतटीची होते.

म्हणून कॅसलच्या खेळाडूने पहिल्या फेरीत क्रुसेडरना जागेवरून हलवू नये. मैदान पंधरा घरे रुंद आहे आणि कोपऱ्यातल्या गटापर्यंत नऊ घरांचा वेग पहिल्या फेरीत पोहोचत नाही. तिरंदाजांना क्रुसेडरच्या मागे ठेवा, पाइकमन क्रुसेडरच्या दोन्ही बाजूंना लावून अंगावर बसायच्या मोकळ्या जागा कमी करा आणि मला पुढे यायला भाग पाडा. मी आलो तर तुमचे तिरंदाज आधी मारतात. मी आलो नाही तर माझ्या गटाला प्यायला काहीच मिळत नाही आणि माझे लिच (दुरून मारणारे मृतात्मे) व तुमचे तिरंदाज यांच्यातच लढाई होते, आणि त्या लढाईत कॅसलचा मार्क्समन हा तिरंदाज दोनदा बाण सोडतो.